शनिवार-रविवारच्या फेरीसाठी एकच सरोवर निवडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, कोथरूडहून दोन वर्षांसाठी आपण अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरला जात आहात, उन्हाळ्यात आई-वडीलही तिकडे येणार आहेत, आणि एखाद्या शनिवार-रविवारी मोटारीने फिंगर लेक्स भागातील पाच-सहा सरोवरे, त्यांच्या काठची लहान गावे आणि जमल्यास नायगारा असा कार्यक्रम बसेल का. मी सात वर्षे रोचेस्टरला राहून आता पुण्यात परतलो आहे आणि त्या भागात निदान पंधरा वेळा गाडी घेऊन गेलो असेन. कार्यक्रम बसतो, पण तो बसवू नये, असे माझे मत आहे. दोन दिवसांना एक सरोवर पुरते, आणि फार तर परतताना दुसऱ्याचा काठ.

याचे कारण नकाशातच आहे. ही अकरा सरोवरे हाताच्या बोटांसारखी उत्तर-दक्षिण पसरलेली, लांब आणि चिंचोळी आहेत. हिमयुगातील हिमनद्यांनी जुन्या नद्यांची खोरी खोल खरवडून काढली, त्यांत पाणी साठले आणि मधल्या डोंगररांगा तशाच राहिल्या. नकाशावर दोन सरोवरे एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात, परंतु सेनेका आणि कायुगा ही मोठी सरोवरे ओलांडायला पूल नाही. पलीकडच्या काठावरची घरे स्पष्ट दिसत असतात आणि तेथे जाण्यासाठी पाण्याच्या टोकापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. मुळशीच्या पाण्यापलीकडचे गाव गाठण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. सेनेका सुमारे 38 मैल लांब आहे, म्हणजे चुकीच्या काठावर उतरलात तर अर्धा दिवस गेलाच.

पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. आई-बाबांना घेऊन एका दिवसात पाच सरोवरे करायची असे ठरवले होते आणि ती केलीही, पण गाडीच्या काचेतून. प्रत्येक ठिकाणी उतरावे, छायाचित्र काढावे, पुन्हा पट्टा लावावा, असे चालले होते. चौथ्या सरोवराशी आई उतरलीच नाही. "यापेक्षा पानशेतला गेलो असतो तर काठावर गरम पिठलं-भाकरी तरी मिळाली असती," एवढेच ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

आणखी एक गोष्ट पुण्याहून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपल्याला सवय असते ती धरणाच्या पाण्याची. खडकवासला, पानशेत, मुळशी यांचे पाणी उन्हाळ्यात मागे सरते, काठ उघडा पडतो आणि त्यावर कोणीही चटई टाकून बसतो. तिकडच्या नैसर्गिक सरोवरांची पातळी वर्षभरात थोडीच खाली-वर होते, त्यामुळे घरे अगदी पाण्याला लागून बांधलेली आहेत आणि बराचसा काठ खासगी मालकीचा आहे. वाटेत सुंदर पाणी दिसले म्हणून गाडी थांबवून खाली उतरता येईल, असे समजू नये. पाण्याशी निवांत बसण्याची जागा मिळते ती सार्वजनिक उद्यानांत किंवा सरोवराच्या दोन टोकांना वसलेल्या गावांत. म्हणूनच ही गावे वाटेवरचा थांबा नसून त्या फेरीचा मुख्य भाग आहेत.

पहिल्या फेरीसाठी मी सेनेका सुचवेन. शनिवारी सकाळी निघालात तर साधारण तासाभरात उत्तर टोकावरचे जिनिव्हा गाव येते. येथे पूर्वी सेनेका या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांचे कनडेसागा हे मोठे गाव होते. 1779 मध्ये अमेरिकी सैन्याने जनरल सलिव्हनच्या मोहिमेत ते उद्ध्वस्त केले. सेनेका आणि कायुगा ही नावे ज्यांची आहेत, त्या लोकांची गावे अशी गेली आणि नंतर जमिनीची मोजणी झाली तेव्हा आसपासच्या वस्त्यांना ओविड, रोम्युलस, इथाका अशी ग्रीक-रोमन नावे मिळाली. (आपल्या पेठांना वारांची नावे आहेत याचे परक्यांना नवल वाटते, मला या नावांचे अधिक वाटले.)

जिनिव्हाहून पश्चिम काठाने चौदा क्रमांकाचा रस्ता दक्षिणेला वॉटकिन्स ग्लेनला जातो. उतारावर द्राक्षमळे दिसतात. एवढ्या थंड मुलखात द्राक्षे टिकतात, कारण सेनेका 618 फूट खोल आहे. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते हिवाळ्यात हळूहळू सोडते आणि क्वचितच पूर्ण गोठते. वॉटकिन्स ग्लेन गावाच्या मुख्य रस्त्यावरच घळीचे प्रवेशद्वार आहे. आत दोन मैलांपेक्षा कमी अंतरात 19 धबधबे आहेत आणि पायवाट काही ठिकाणी पाण्याच्या पडद्यामागून जाते. मात्र या वाटेला 800 हून अधिक दगडी पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या असतात. आपल्या वडिलांना पर्वती बसत-उठत का होईना चढता येत असेल, तर जावे. गुडघ्यांची तक्रार असेल, तर त्यांना पहिल्या बोगद्यापर्यंत नेऊन परत आणावे आणि सरोवराच्या धक्क्यावर बसवावे. ही वाट हिवाळ्यात बंद असते; साधारणपणे मेच्या मध्यानंतर आणि ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ धरून चालावे. मुक्काम याच गावात करावा, पण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पानांचे रंग पाहायला झुंबड उडते, तेव्हा खोली बरीच आधी राखून ठेवावी लागते.

रविवारी दोन पर्याय आहेत. पूर्व काठाने 414 क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला यावे, किंवा आई-वडिलांसाठी थोडा वळसा घेऊन इथाकाला जावे आणि तेथून कायुगाच्या पश्चिम काठाने वर यावे. या दुसऱ्या वाटेवर टॉगॅनॉक धबधबा लागतो. तो 215 फूट उंच आहे, म्हणजे नायगारापेक्षाही उंच, आणि त्याच्या पायथ्याशी जाणारी वाट जवळजवळ सपाट, एका बाजूने पाऊण मैलाची आहे. कोरड्या ऑगस्टमध्ये त्याची नुसती धार उरते, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन्ही वाटा सेनेका फॉल्सला पोहोचतात आणि येथे निदान दीड तास राखून ठेवावा. नाव फसवे आहे, धबधबा पाहण्यासाठी येथे कोणी येत नाही. दोन सरोवरांना जोडणाऱ्या कालव्यावरच्या या गावात 19 आणि 20 जुलै 1848 रोजी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली होती. तेथे संमत झालेल्या जाहीरनाम्यावर 68 स्त्रिया आणि 32 पुरुषांनी सह्या केल्या. ज्या प्रार्थनागृहात ती भरली, ते आता राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. मी तेथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा 1848 हा आकडा वाचून थबकलो, कारण त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. बाबांनी तेथील कर्मचारी बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते सांगितले आणि त्यांनी 'भिडे वाडा' ही अक्षरे त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतली. पाच सरोवरांच्या त्या दिवशी याच गावावरून आम्ही न थांबता पुढे गेलो होतो.

गाडी चालवण्याविषयी थोडेसे. मुख्य रस्त्यावर बहुधा ताशी 55 मैलांची मर्यादा असते आणि गाव लागताच ती एकदम 30 पर्यंत उतरते; पोलीस नेमके तेथेच उभे असतात. शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली, तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे असते. पेन यान या गावाच्या परिसरात जुन्या रीतीने राहणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या रस्त्यावर असतात, त्यांना वाव द्यावा आणि चढावर मागे टाकू नये. सर्वांत मोठा धोका मात्र संध्याकाळी हरणांचा. एक रस्ता ओलांडून गेले की लगेच वेग वाढवू नये, बहुतेक वेळा मागून दुसरे येतच असते.

शाकाहाराची अडचण लहान गावांत होते, पिझ्झा आणि बटाट्यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. इथाकात मूसवुड हे 1973 मध्ये सुरू झालेले शाकाहारी उपाहारगृह प्रसिद्ध आहे. जाण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. आम्ही पहिल्या फसलेल्या फेरीनंतर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेऊनच निघत असू. उद्यानांत लाकडी मेजे असतात, तेथे शांतपणे जेवता येते.

नायगारा या फेरीत घालू नये. तो रोचेस्टरच्या पश्चिमेला आहे, सरोवरे आग्नेयेला. रोचेस्टरहून दीड तासावर असल्यामुळे तो कोणत्याही रविवारी एका दिवसात होतो, आणि पलीकडच्या काठावरून पाहायचा असेल तर आई-वडिलांचा कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, त्याची तयारी पुण्यात असतानाच सुरू करावी.