‘शेवटचा इलेक्ट्रॉन’ नेमका कुठला?

प्रश्न असा आला आहे : ‘लोह हे डी-खंडातले मूलद्रव्य, कारण त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन ३डीमध्ये (तिसऱ्या कवचाच्या डी उपकवचात) जातो, असे शिकवतात. पण लोहाचा आयन करताना शेवटच्या कवचातले, म्हणजे ४एसमधले इलेक्ट्रॉन काढायला सांगतात. मग शेवटचा कुठला? आणि जे आधी भरले ते आधी रिकामे कसे होते? मराठीत यासाठी वेगळे शब्द आहेत का? शिवाय, इलेक्ट्रॉन भरण्याच्या क्रमाला ‘आउफबाऊ तत्त्व’ म्हणतात, त्यातले आउफबाऊ हे कोणा शास्त्रज्ञाचे नाव आहे का?’

गोंधळ रसायनशास्त्राचा कमी आणि ‘शेवटचा’ व ‘आधी’ या दोन साध्या शब्दांचा जास्त आहे. मराठीत ‘शेवटचा’ क्रमालाही चालतो आणि जागेलाही. एसटीत सगळ्यांत शेवटी चढलेला प्रवासी आणि शेवटच्या बाकावर बसलेला प्रवासी, दोघेही ‘शेवटचेच’. पण ते एकच असतील असे नाही. सोडिअम किंवा क्लोरीनपर्यंत हे दोन्ही अर्थ एकाच इलेक्ट्रॉनवर येऊन पडतात, म्हणून नववी-दहावीत अडत नाही. संक्रमण मूलद्रव्यांशी आलो की अर्थ फुटतात. लोहाचा अणुअंक २६. आतल्या कवचांतले, आरगॉनइतके १८ इलेक्ट्रॉन वजा केले की आठ उरतात. दोन ४एसमध्ये आणि सहा ३डीमध्ये. भरण्याच्या क्रमाने शेवटचा ३डीत, जागेने शेवटचे ४एसमध्ये.

शब्द आपल्याकडे आहेत, फक्त ते काटेकोरपणे वापरायला हवेत. जागेसाठी पाठ्यपुस्तकातलाच ‘बाह्यतम’ हा शब्द घ्यावा : बाह्यतम कवच, बाह्यतम इलेक्ट्रॉन. आयनाच्या संदर्भात ‘शेवटचा’ लिहूच नये. क्रमासाठी मी ‘वाढीव इलेक्ट्रॉन’ सुचवीन, म्हणजे आवर्तसारणीत मागच्या घरातल्या मूलद्रव्यापेक्षा जास्तीचा. ‘लोहाचा वाढीव इलेक्ट्रॉन ३डीत असतो, बाह्यतम इलेक्ट्रॉन ४एसमध्ये असतात’ हे वाक्य वाचून कोणालाही विरोधाभास वाटणार नाही.

‘आधी’चे दुखणे जरा खोल आहे. ‘४एस आधी भरते’ हे वाक्य ऐकले की एका अणूचा इतिहास डोळ्यांपुढे येतो : रिकामा अणू, त्यात एकेक इलेक्ट्रॉन येऊन बसतोय. वाक्याचा अर्थ तो नाही. ते वाक्य वेगवेगळ्या मूलद्रव्यांची तुलना करते. पोटॅशिअम (१९) आणि कॅल्शिअम (२०) यांत ४एसमध्ये इलेक्ट्रॉन दिसतात, ३डीत मात्र स्कँडिअमपासून (२१) पुढे दिसतात. एवढेच. प्रत्येक पावलाला अणुकेंद्रकात एक प्रोटॉनही वाढलेला असतो, म्हणजे अणूच बदललेला असतो.

एकाच अणूचा हिशेब पाहायचा तर स्कँडिअमच घ्या. त्याचे तीन इलेक्ट्रॉन काढले की उरते निव्वळ आरगॉनचे संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी). आता त्याच अणुकेंद्रकाला एकेक इलेक्ट्रॉन परत द्या. पहिला जातो ३डीत : स्कँडिअम २+ आयन म्हणजे [आरगॉन] ३डी¹ (वरचा आकडा इलेक्ट्रॉनांचा). दुसरा जातो ४एसमध्ये : १+ आयन म्हणजे ३डी¹ ४एस¹. तिसराही ४एसमध्ये, आणि उदासीन अणू होतो ३डी¹ ४एस². म्हणजे या अणूत ३डी आधी भरले आणि ४एस नंतर! काढताना ४एस आधी रिकामे होते यात मग नवल राहत नाही. जे नंतर आले तेच आधी गेले.

यावर लगेच शंका येते : ३डी जर खालच्या ऊर्जेचे, तर तिन्ही इलेक्ट्रॉन तिथेच का जात नाहीत? ३डी हे अणुकेंद्रकाच्या जवळ आटोपशीर जागेत असते. तिथे दुसरा, तिसरा इलेक्ट्रॉन घुसवला की आपसातले प्रतिकर्षण फार वाढते. ४एस बाहेर ऐसपैस पसरलेले असते. त्यामुळे एकूण ऊर्जा, सगळ्या इलेक्ट्रॉनांची मिळून, कमी राहते ती थोडे इलेक्ट्रॉन ४एसमध्ये ठेवल्यावर. ‘कमी ऊर्जेचे उपकवच आधी भरते’ हे वाक्य इथे अपुरे पडते, कारण ते एकट्या उपकवचाची ऊर्जा बघते. पोटॅशिअम-कॅल्शिअमला ४एस खाली असते. स्कँडिअमपासून ३डी खाली सरकते.

चुकीच्या शब्दाने उत्तर कुठे बिघडते आणि कुठे बिघडत नाही, हे बघण्यासारखे आहे. मँगनीज (२५) : [आरगॉन] ३डी⁵ ४एस². ‘शेवटचे’ म्हणून ३डीतले दोन काढले तर २+ आयन होईल ३डी³ ४एस², अयुग्मित (जोडी न झालेले) इलेक्ट्रॉन तीन. अयुग्मितांची संख्या ‘क्ष’ मानली तर क्ष(क्ष+२) याचे वर्गमूळ म्हणजे चुंबकीय परिबल, बोर मॅग्नेटॉन या एककात. तीनला ते ३.८७ बोर मॅग्नेटॉन येते. बरोबर संरूपण ३डी⁵, अयुग्मित पाच, परिबल ५.९२. मँगनीजच्या २+ क्षारांवर मोजून मिळणारा आकडा ५.९च्या आसपास असतो, म्हणजे प्रयोग स्वतःच निकाल देतो. जस्ताचेही तसेच : बरोबर रीतीने ३डी¹⁰, अयुग्मित शून्य, चुकीच्या रीतीने ३डी⁸ ४एस², अयुग्मित दोन. जस्ताच्या २+ आयनात अयुग्मित इलेक्ट्रॉन नसतातच.

पण फेरस आयन (लोह २+) घ्या. बरोबर संरूपण ३डी⁶, अयुग्मित चार. चुकीचे ३डी⁴ ४एस², अयुग्मित तेही चार! दोघांचे परिबल ४.९०. नेमके हेच उदाहरण बहुतेक वेळा फळ्यावर असते, आणि चूक त्यात लपून जाते. विद्यार्थ्याची समज तपासायची असेल तर फेरस नको, फेरिक (लोह ३+) द्या : बरोबर ३डी⁵ ला पाच अयुग्मित, चुकीच्या ३डी³ ४एस² ला तीन. किंवा निकेल २+ द्या, दोन की चार लगेच कळते.

लिहिण्याची रीत कुठली ठेवावी? भरण्याच्या क्रमाने ४एस² ३डी⁶ असे लिहिले तर ते चूक नाही, पण तसे लिहिलेले पान पुढच्या चुकीला आमंत्रण देते, कारण हात उजव्या टोकाकडून खोडायला जातो. म्हणून भरून झाल्यावर कवचांच्या आकड्यांनुसार पुन्हा मांडावे : ३डी⁶ ४एस². मग उजवीकडून खोडत आले की आयन बरोबर येतो. ही रीत पी-खंडातही उपयोगी पडते. कथिलाचे (५०) [क्रिप्टॉन] ४डी¹⁰ ५एस² ५पी² लिहिले की आधी ५पी, मग ५एस जाते, ४डीला धक्का लागत नाही. आणि स्कँडिअम ते जस्त या ओळीत २+ आयनासाठी तर पडताळा तोंडी होतो : अणुअंकातून २० वजा करा, तेवढे ३डी इलेक्ट्रॉन. व्हॅनेडिअम ३, क्रोमिअम ४, कोबाल्ट ७, तांबे ९.

या पडताळ्यात क्रोमिअम आणि तांबे वेगळे पडत नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांचा ‘अपवाद’ उदासीन अणूपुरता आहे : क्रोमिअम ३डी⁵ ४एस¹, तांबे ३डी¹⁰ ४एस¹. क्रोमिअमने तर ‘शेवटचा इलेक्ट्रॉन’ या शब्दाचीच पंचाईत केली आहे. व्हॅनेडिअम ३डी³ ४एस² वरून क्रोमिअमवर आलो की ३डीत दोन वाढतात आणि ४एसमधला एक घटतो. आता वाढीव कुठला? इलेक्ट्रॉनांवर बिल्ले नसतात. ‘४एसमधला एक उडी मारून ३डीत गेला’ हेही केवळ बोलणे आहे. मी सुचवलेला ‘वाढीव’ हा शब्दही इथे थकतो, आणि तो संपूर्ण संरूपणांच्या तुलनेसाठीच वापरावा, एखाद्या विशिष्ट इलेक्ट्रॉनाचे नाव म्हणून नव्हे.

‘अपवाद’ शब्दही जपून वापरावा. अर्धे भरलेले उपकवच स्थिर म्हणून क्रोमिअम तसे, हे कारण एका ओळीत पाठ होते, पण क्रोमिअमच्याच गणात खाली मॉलिब्डेनम ४डी⁵ ५एस¹ असून टंगस्टन मात्र ५डी⁴ ६एस² आहे. निओबिअम ४डी⁴ ५एस¹, तिथे अर्धेही भरत नाही आणि पूर्णही नाही. पॅलेडिअमला ४डी¹⁰, ५एस साफ रिकामे. डी-खंडाच्या या दुसऱ्या ओळीत नियमाप्रमाणे न वागणारेच जास्त निघतात, तेव्हा ‘अपवाद’ऐवजी ‘नियमाहून वेगळे संरूपण’ म्हणणे प्रामाणिक ठरेल. आणि ही सगळी संरूपणे वायुरूप, सुट्या अणूंची आहेत. तारेतल्या तांब्याला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत.

एक छोटी गोष्ट व्याकरणाची. ‘४एस भरतो’ की ‘भरते’? मनात ‘उपकवच’ हा नपुंसकलिंगी शब्द आहे, म्हणून ‘४एस भरते’, ‘३डी रिकामे होते’. इलेक्ट्रॉन पुल्लिंगी, तो ‘जातो’, ‘निघतो’. ‘विन्यास’ हिंदी पुस्तकांतून येतो; मराठी शाळेत ‘संरूपण’ रुळला आहे, तोच ठेवावा. अकरावीला विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले तरी दहावीपर्यंत कानावर पडलेला शब्द मनात पक्का असतो.

आता आउफबाऊ. तो माणूस नाही. तो जर्मन भाषेतला साधा नाम-शब्द आहे, अर्थ ‘उभारणी’, ‘रचत जाणे’. म्हणून ‘आउफबाऊचा नियम’ किंवा ‘आउफबाऊ यांच्या मते’ हे प्रयोग चूक. ‘आउफबाऊ तत्त्व’ म्हणावे, किंवा सरळ ‘उभारणीचे तत्त्व’. मुख्य क्वांटम अंक अधिक दुय्यम क्वांटम अंक अशी बेरीज करून भरण्याचा क्रम ठरवण्याचा जो नियम आहे (४एस साठी ४ + ० = ४, ३डी साठी ३ + २ = ५), त्याला मात्र व्यक्तीचे नाव लावता येते : माडेलुंगचा नियम. एर्विन माडेलुंग हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्यांनी हा नियम १९३६ साली छापला.