वाचकांचे प्रश्न : जेनेरिक्स आणि कंपायलरची अडवणूक

प्रश्न : जावामध्ये ‘व्यवस्थापक’ हा क्लास ‘कर्मचारी’ क्लासला एक्स्टेंड करतो. पगाराची बेरीज करणारी माझी मेथड लिस्ट<कर्मचारी> घेते. तिला लिस्ट<व्यवस्थापक> दिली की कंपायलर अडवतो. पॅरामीटर नुसता ‘लिस्ट’ केला तर रॉ टाइपची (कोनी कंसात घटकांचा टाइप न दिल्याची) वॉर्निंग येते, पण प्रोग्राम चालतो. तसाच ठेवू का?

उत्तर : नका ठेवू. प्रत्येक व्यवस्थापक कर्मचारी असला, तरी व्यवस्थापकांची लिस्ट ही कर्मचाऱ्यांची लिस्ट ठरत नाही. कंपायलरने ती चालवून घेतली असती, तर मेथडच्या आत यादी.ॲड(न्यू शिपाई()) ही ओळही बिनतक्रार कंपाइल झाली असती, कारण शिपाईही कर्मचारीच. मग तुमच्या मूळ लिस्टमध्ये शिपाई शिरला असता आणि पुढे कधीतरी त्याला व्यवस्थापक म्हणून बाहेर काढताना क्लासकास्टएक्सेप्शन आलं असतं. चूक एका फाइलमध्ये, प्रोग्राम कोसळतो भलत्याच ठिकाणी. शोधायला याहून त्रासदायक बग क्वचितच असतो. रॉ टाइप वापरून तुम्ही हाच धोका ओढवून घेताय.

पॅरामीटर असा लिहा : लिस्ट<? एक्स्टेंड्स कर्मचारी>. आता व्यवस्थापकांची लिस्ट देता येईल आणि प्रत्येक घटक कर्मचारी म्हणून वाचता येईल. त्या लिस्टमध्ये नल (null) सोडून काहीही ॲड करता येणार नाही, आणि बेरजेला त्याची गरजही नाही. मेथड लिस्टमध्ये फक्त भर घालणार असेल, तर ‘? सुपर कर्मचारी’. वाचणं आणि भरणं दोन्ही असेल, तर वाइल्डकार्ड, म्हणजे ते ‘?’, नको. रिटर्न टाइपमध्येही ते टाळा, नाहीतर त्याचं ओझं मेथड वापरणाऱ्यावर पडतं.

जुन्या कोडमधून चुकीचा ऑब्जेक्ट कुठून शिरतोय हे सापडत नसेल, तर लिस्टला कलेक्शन्स.चेक्डलिस्ट(यादी, व्यवस्थापक.क्लास) मध्ये गुंडाळून तीच पुढे द्या. मग एक्सेप्शन ॲड करतानाच येतं, आणि स्टॅक ट्रेसमध्ये दोषी ओळ दिसते.

प्रश्न : टी हा टाइप पॅरामीटर असलेल्या जेनेरिक क्लासमध्ये न्यू टी[10] का चालत नाही?

उत्तर : जेनेरिक्स (कोनी कंसात टाइप देण्याची सोय) जावा 5 मध्ये, 2004 साली आले. जुना कोड चालू राहावा म्हणून कंपायलर तपासणी झाल्यावर ‘टी’ पुसून टाकतो. ॲरेला मात्र घटकांचा टाइप रनटाइमलाही लागतो. चुकीचा घटक ठेवताना ॲरेस्टोअरएक्सेप्शन येतं ते त्यामुळेच. शक्यतो ॲरेलिस्ट<टी> वापरा. ॲरेच हवा असेल, तर कन्स्ट्रक्टरमध्ये क्लास<टी> घ्या आणि ॲरे.न्यूइन्स्टन्सने तो बनवा. त्यावर टी[] असा कास्ट करावा लागेल. इथली अनचेक्ड वॉर्निंग दाबायला हरकत नाही, पण सप्रेसवॉर्निंग्ज त्या एका व्हेरिएबलपुरतंच लावा, अख्ख्या क्लासवर नको.