ड्रोन आला तेव्हा पेटी जागी होती का?

प्रश्न : जांबोटीच्या पुढं आमची काजूची बाग आहे, खाली ओढ्यालगत भातशेती. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं मातीतली ओल मोजणाऱ्या अकरा पेट्या रानात बसवून दिल्या. तिथं मोबाइलची रेंज नाही, म्हणून आकडे पेटीतच साठतात. आता तो म्हणतोय, ड्रोन घेऊ, वरून फिरवून आकडे गोळा करू. खरं पेटीची बॅटरी एवढीशी, तिचा आवाज वरपर्यंत पोचतोय काय? की नुसताच खर्च?
एक वाचक, जांबोटी परिसर

उत्तर : पोचतो की. जमिनीवरून पोचतो त्याहून चांगला पोचतो. झाडी, उतार, ओढ्याची दरड हे सगळं आडवं येतं ते जमिनीलगत. साठ-सत्तर मीटर वर गेलं की मधे फारसं काही उरत नाही. तुमच्या पेट्यांत लोरा जातीचा, म्हणजे थोड्या विजेवर लांबवर पोचणारा रेडिओ असेल, तर तो लांबच्याशी फार सावकाश बोलतो आणि जवळच्याशी भराभर. हिशेब करून बघा. दर अर्ध्या तासाला २० बाइटची एक नोंद धरली तर पंधरा दिवसांत १४,४०० बाइट होतात. अगदी संथ चालीनं ते द्यायला साडेसहा-सात मिनिटं लागतील, वेगाच्या चालीनं वीस-बावीस सेकंद. पोचपावतीचा वेळ वर धरा. पेटी जितका वेळ बोलते तितकी बॅटरी जाते, म्हणजे ड्रोन जवळ आला तर पेटीचंच आयुष्य वाढतं.

घोळ होतो तो दुसरीकडेच, पेटीच्या झोपेत. ‘ड्रोन कधी येईल कुणास ठाऊक’ म्हणून ती सारखी कान देऊन बसली, तर ऐकण्यातच साधारण १० मिलिअँपिअर जातात आणि २,६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल अकराव्या दिवशी रिकामा. त्याऐवजी दर पाच सेकंदांनी डोळा किलकिला करून २० मिलिसेकंद ऐकायचं आणि परत झोपायचं. मग ऐकण्याचा खर्च दिवसाला जेमतेम १ मिलिअँपिअर-तासावर येतो. ड्रोननं मात्र पाच सेकंदांहून जास्त वेळ हाक लांबवायला हवी, नाहीतर ती नेमकी झोपेतच निघून जाते. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी उठवण्याचाही मार्ग आहे. पेटीतलं साधं घड्याळ दिवसाला दीड-दोन सेकंद सरकतं, ते चालवून घेता येतं. पण त्या दिवशी वारा सुटला आणि उड्डाण रद्द झालं तर पुढच्या वारापर्यंत बसा. मला डोळा किलकिला करण्याचाच मार्ग पटतो.

आता माझी फजिती सांगतो. निपाणीकडं बहिणीच्या उसात आम्ही असाच प्रयोग केला. भाच्यानं ड्रोन बरोबर पेटीच्या डोक्यावर नेऊन उभा केला. पाच मिनिटं झाली, उत्तर नाही. ‘मामा, पेटी मेली,’ म्हणाला. मी आयुष्यभर टेलिफोनच्या तारांवर काम केलेला माणूस, मलाही तेच वाटलं! उसात शिरून पेटी काढायची म्हणून ड्रोन परत बोलावला, तर तो वीस-पंचवीस मीटर बाजूला सरकल्याबरोबर आकडे धो धो यायला लागले. उभ्या अँटेनाचा झोत मेदूवड्यासारखा असतो हो, आणि वड्याचं भोक नेमकं डोक्यावर! तेव्हा पेटीच्या माथ्यावर थांबू नका, बाजूनं जरा अंतर ठेवून वळसा घाला. दुसरं, आकडे मिळाल्याची पोचपावती येईपर्यंत पेटीनं ते पुसायचे नाहीत, हे मुलाला बजावून सांगा. ड्रोन झाडात अडकला तर आकडेही त्याच्याबरोबर जातात.

रेडिओ ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा आहे ना, तेही बघून घ्या. आपल्याकडं हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. बाहेरून मागवलेला माल कधी ९१५ चा निघतो. २.४ गिगाहर्ट्झ नकोच, ड्रोनचा रिमोट बहुधा तिथंच बडबडत असतो.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोनची नोंदणी करा. एकूण वजन २ किलोच्या आत आणि वापर स्वतःपुरता, धंद्यासाठी नाही, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे पायलटचा दाखला लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं रान हिरव्या पट्ट्यात दिसलं तर ४०० फुटांपर्यंत मोकळीक. सांबऱ्याच्या विमानतळाजवळ किंवा बेळगावच्या कॅम्पात मात्र हौस म्हणूनसुद्धा उडवू नका. आणि तुमच्या बाजूला भीमगड अभयारण्य, तेव्हा बांधाला जंगल लागत असेल तर आधी वनखात्याला विचारा.

खर्चाचं म्हणाल तर, आकडे गोळा करायला वाहन फिरवणं ही कल्पना आपल्या कर्नाटकाला नवी नाही. वीसेक वर्षांपूर्वी ‘डाकनेट’ नावाच्या प्रयोगात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात बसवर वायफायचं यंत्र बसवलं होतं. बस गावात आली की जमिनीच्या नोंदींची माहिती घ्यायची-द्यायची आणि पुढं जायची. इंटरनेट नसलेल्या गावांत तेवढ्यावर काम भागलं. तुमच्याकडं बस नसेल, मोटरसायकल तर असेल? अकरातल्या किती पेट्यांच्या जवळून तुम्ही तसेही रोज जाता?

आणि जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा. जून ते सप्टेंबर साधा ड्रोन माळ्यावरच राहणार. बरं, त्या दिवसांत मातीत ओल आहे का, हे पेटीला विचारावं लागत नाही. ड्रोनचं काम दिवाळीनंतर, काजूला मोहोर धरायच्या सुमारास. तोवर पेटीत चार-पाच महिन्यांचे आकडे मावतील एवढी जागा आहे का, मुलाला विचारून ठेवा.

ड्रोन घ्यायच्या आधी एक करा. रिसिव्हर लांब बांबूच्या टोकाला बांधा आणि एका सकाळी वाटेनं, बांधानं फिरून या. सात-आठ पेट्या तिथूनच बोलतील, असा माझा अंदाज. ओढ्यापलीकडच्या ज्या गप्प राहतील, त्या मोजा आणि तेवढ्यांसाठी ड्रोन परवडतो का, ते बाप-लेक मिळून ठरवा.