खात्यात न दिसणारी कमाई : ऑनलाइन निर्मात्यांचे करविषयक प्रश्न

यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या नाशिककर वाचकांचे काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नापुरती आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला असला, तरी या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू होतो.

प्रश्न : मी मिसळीच्या ठिकाणांवर रील करते. एका ब्रँडशी ६०,००० रुपयांचा करार होता. खात्यात ५४,००० आले. शिवाय ३०,००० रुपयांचा फोन मिळाला. उत्पन्न किती दाखवू? (इंदिरानगर)

उत्तर : ९०,००० रुपये. कंपनीने कापलेले ६,००० रुपये हा तुमच्या नावे आगाऊ भरलेला कर आहे, त्यामुळे आधी पूर्ण ६०,००० उत्पन्नात धरून मगच होणाऱ्या करातून ते वजा करायचे असतात. चित्रीकरणानंतर फोन परत केला असता तर तो उत्पन्न ठरला नसता. ठेवून घेतला म्हणून ठरतो. एकाच कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या वस्तू वा सोयी मिळाल्या, तर कलम १९४आर नुसार त्यांवरही १० टक्के करकपात लागते. तुमच्या रकमेतून फोनपोटी काहीच कापलेले दिसत नाही, तेव्हा ते ३,००० रुपये कोणी भरले, हे कंपनीला ईमेलवर विचारून घ्यावे; तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

विवरणपत्राची घाई मात्र एप्रिलमध्ये करू नये. जानेवारी ते मार्चच्या करकपातीचा तपशील देण्यास कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराची आणि उत्पन्नाची प्राप्तिकर खात्याकडील विवरणे) जूनच्या मध्यानंतरच पूर्ण दिसतात.

प्रश्न : माझ्या पाककृतींच्या चॅनेलला अमेरिकेत बरेच मराठी प्रेक्षक आहेत. गूगल तिथला कर कापते. तो वाया जातो का? (नाशिकरोड)

उत्तर : जाईलच असे नाही. डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म गूगलकडे भरून भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागितला असेल, तर केवळ अमेरिकी प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. फॉर्मच भरला नसेल तर कपात बरीच मोठी असते. कापलेल्या कराची वजावट इथे फॉर्म ६७ भरून मिळते आणि उत्पन्न अर्थातच कपातीपूर्वीचे दाखवावे लागते. यात दोन अडचणी आहेत. ही वजावट मागणाऱ्याला सोपे म्हणून सर्वांना आवडणारे ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ हे विवरणपत्र चालत नाही, आयटीआर-३ भरावे लागते. दुसरे असे, की नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य झाला, तर वजा करायला इथे करच उरत नाही आणि अमेरिकेतला कर पदरचाच जातो.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये ९०,००० रुपयांचा कॅमेरा घेतला. पूर्ण खर्च दाखवता येईल का? (सातपूर)

उत्तर : नाही. घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी दरवर्षी दाखवता येणारा खर्च, १५ टक्के मिळतो, आणि वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाल्याने त्याचा निम्मा, म्हणजे ६,७५० रुपये. कलम ४४एडीए नुसार जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून जाहीर करणार असाल, तर हा घसाराही वेगळा मिळत नाही. विवरणपत्रात समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सरांसाठी १६०२१ हा स्वतंत्र संकेतांक आला आहे. प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून कमी असेल तर ४४एडीए चा मार्ग सोयीचा. भाड्याचा स्टुडिओ आणि पगारी संकलक असेल, तर हिशेबाच्या वह्या ठेवणेच परवडते.

प्रश्न : माझ्या द्राक्षबागेचेच व्हिडिओ असतात. हे शेतीचे उत्पन्न नव्हे का? (निफाड)

उत्तर : नव्हे. द्राक्षविक्री करमुक्त आहे, जाहिरातींचे पैसे नाहीत. मात्र शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास तेही दाखवावे लागते, कारण इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना ते धरले जाते. तेवढे शेती-उत्पन्न असल्यास आयटीआर-४ तुम्हालाही चालणार नाही.

प्रश्न : ब्रँडकडून १४ लाख आणि यूट्यूबकडून ८ लाख मिळाले. यूट्यूबचे पैसे परदेशातून येतात, मग जीएसटी नोंदणी लागते का? (गंगापूर रोड)

उत्तर : लागते. परदेशातून येणाऱ्या मोबदल्यावर निर्यात म्हणून शून्य दर असला, तरी २० लाखांची मर्यादा मोजताना तो धरला जातो. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा आणि यूट्यूबच्या रकमेवर आधी कर भरून नंतर परतावा मागण्याची वेळ येऊ नये म्हणून एलयूटी हे हमीपत्र दाखल करावे. ब्रँडच्या यापुढील बिलांत १८ टक्के वेगळे लावावे, आणि ठरलेला मोबदला जीएसटी वगळून आहे, असे करारात आधीच लिहून घ्यावे.