युंग वाचल्यापासून प्रार्थना पोकळ वाटते. ख्रिस्ती श्रद्धा आणि खोल मनाचं, म्हणजे नेणिवेचं, मानसशास्त्र एकत्र नांदू शकतात का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून चर्चला जाता, नोकरीसाठी नगरहून इंदुरात आलात, इथे थेरपी सुरू केलीत आणि थेरपिस्टने स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग वाचायला दिला. आता प्रार्थनेला बसलं की वाटतं, आपण आपल्याच मनाशी बोलतोय. पाळकांना विचारायचा धीर होत नाही.

मी इंदुरातच समुपदेशनाचं काम करते. माहेर रामबागेतलं, घरात गणपती आणि दत्तजयंती, तेव्हा तुमच्या श्रद्धेबद्दल घरच्या माणसासारखं बोलायचा अधिकार मला नाही. युंगबद्दल मात्र बोलू शकते.

बहुतेक जण तुम्हाला सांगतील की मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड धर्माचा वैरी आणि युंग मित्र. श्रद्धावान माणसाला फ्रॉइड सोपा जातो असं माझं मत आहे. १९२७ साली त्याने धर्म म्हणजे भ्रम, असं उघड मांडलं. हातचं काही राखलं नाही. त्याचा मित्र ऑस्कर फिस्टर झुरिचमध्ये पाळक होता आणि मनोविश्लेषणही करायचा. त्याने पुढच्याच वर्षी छापील उत्तर दिलं, तरी मैत्री टिकली. समोरून येणाऱ्या माणसाशी भांडता येतं. युंग मात्र तुमचाच क्रूस, तुमचंच प्रभुभोजन हातात घेऊन, हे किती खोल आहे बघा, असं म्हणत येतो. आपण भारावतो, आणि कधी देवाच्या जागी ‘देवाची प्रतिमा’ आली ते कळतही नाही.

त्याचं स्वतःचं म्हणणं मात्र तुम्हाला वाटतंय त्याहून मर्यादित होतं. मानसशास्त्र मनात उमटलेल्या ठशाचा अभ्यास करतं. ठसा कोणी उमटवला यावर त्याने बोलू नये, ही त्याची भूमिका. म्हणजे ‘देव फक्त मनात आहे’ असं त्याने सिद्ध केलेलं नाही. १९५९ साली बीबीसीच्या मुलाखतीत, देवावर विश्वास आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, मला विश्वास ठेवायची गरज नाही, मला माहीत आहे. (नंतर लोकांच्या पत्रांना खुलासे देत बसावं लागलं.) ही मर्यादा तो स्वतः नेहमी पाळत होता का? माझ्या मते नाही.

याचं मूळ त्याच्या घरात आहे. वडील पाळक, आईच्या माहेरीही पाळकच पाळक. धर्मशिक्षण वडीलच देत. मुलगा त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) धड्याची वाट पाहत होता: एक असून तीन, हे कसं? धडा आला तेव्हा वडील म्हणाले, हे आपण सोडून देऊ, खरं तर मलाच यातलं काही कळत नाही. मग पहिलं प्रभुभोजन. भाकर बेचव, द्राक्षारस आंबट, आणि मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने घरी निघून गेली. आत काहीच घडलं नाही. श्रद्धा असूनही अनुभव नसलेला बाप त्याने रोज पाहिला, म्हणून पुढे आयुष्यभर तो अनुभवालाच चिकटून राहिला. तुमच्या प्रार्थनेत रोज काही ‘जाणवलंच’ पाहिजे, ही अट तुम्ही नकळत त्याच्याकडून उचललेली दिसते. ती तुमच्या चर्चची नाही.

१९३२ साली पाळकांपुढे बोलताना त्याने सांगितलं होतं की पस्तिशी ओलांडलेल्या आपल्या सगळ्या रुग्णांचा प्रश्न शेवटी धार्मिक दृष्टीचाच निघाला. सरसकट आहे, पण निराधार नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक कॅथलिक बाई म्हणतात, ‘फादरना पाप सांगते, तुम्हाला त्याचं कारण सांगते.’ दोन्ही दारं त्यांना हवी असतात आणि त्यांची कुठे गल्लत होत नाही.

आता जिथे खरंच जुळत नाही ते सांगते. व्हिक्टर व्हाइट नावाचे इंग्लंडमधले डोमिनिकन संघाचे कॅथलिक धर्मगुरू १९४५पासून युंगशी पत्रव्यवहार करत होते. आपल्याला समजून घेणारा धर्मपंडित अखेर भेटला, असं युंगला वाटलं. अडलं ते दुष्टाईवर. संत ऑगस्टीनपासून चालत आलेली चर्चची शिकवण अशी की दुष्टाईला स्वतःचं अस्तित्व नाही, ती चांगल्याची उणीव आहे. युंगला हे पटेना: रुग्णांच्या स्वप्नात दिसतं ती नुसती उणीव कशी? १९५२ साली ईयोबावरच्या (बायबलमधला, निर्दोष असून दुःख भोगणारा माणूस) पुस्तकात त्याने काळी बाजू थेट देवावरच ठेवली. व्हाइटनी त्यावर कडक लिहिलं आणि मैत्रीला तडा गेला. दोघंही प्रामाणिक होते, तरी मेळ बसला नाही. तेव्हा ‘दोन्ही एकच सांगतात’ असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. देवात अंधार मुळीच नाही, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. ते मानत असाल तर युंगचं बरंच घेता येईल, हे नाही.

थेरपी सोडू नका. थेरपिस्टला मात्र सरळ विचारा: माझा देव तुम्ही प्रतीक धरून चालता, की तो प्रश्न माझ्यावर सोडता? फी देताय, विचारायचा हक्क आहे. पाळकांकडे युंगचं नाव काढायची गरज नाही. ईयोबाचा अडतिसावा अध्याय आणि पुढचे त्यांच्यासोबत वाचा. युंगचा राग तिथलाच: ईयोबाने न्याय मागितला आणि देवाने वावटळीतून बेहेमोथ आणि लिव्याथान हे महाकाय प्राणी दाखवले. पाळक त्यावर काय म्हणतात ते जमलं तर इथे लिहा, मलाही ऐकायचंय.