कबानेरी बघायला घेतोयस तर

अरे, बाराही भाग एका बैठकीत उरकू नकोस. ‘कबानेरी ऑफ द आयर्न फोर्ट्रेस’ ही 2016ची, विट स्टुडिओची जपानी ॲनिमे मालिका. पहिला भाग दोनदा बघ. कबानेने, म्हणजे झोंबीसारख्या चालत्या प्रेताने, चावल्यावर विषाणू मेंदूपर्यंत पोचू नये म्हणून नायक इकोमा स्वतःचाच गळा आवळून घेतो. तिथे भीती कुठे संपते नि मारामारी कुठे सुरू होते, कळतच नाही. वाफेची आगगाडी, कबानेंचं लोखंडी कवचाआडचं काळीज, संगीतकार सावानोचं संगीत, सगळं चोख. कथेची गाडी घसरते ती शोगुनचा (लष्करी राज्यकर्त्याचा) मुलगा बिबा आल्यावर. कबाने मागे पडतात, त्या बाप-लेकाचं वैर पुढे येतं, आणि नायिका मुमेईसारखी तडफदार पोर नुसती फरपटत जाते. (मी तर तिथे चक्क चहा टाकायला उठलो होतो.) चित्रं देखणी म्हणून कथेला फुकटचे गुण देऊ नकोस. आवाज बंद करून एखादा प्रसंग बघ, तरीही काटा येतो का ते.