इंग्लंडमध्ये जुन्या चर्चचं केलेलं बी अँड बी (मुक्काम आणि सकाळची न्याहारी देणारं छोटं निवासस्थान) नाशिकहून येणाऱ्या आई-वडिलांना (वय सत्तरीपुढे, शाकाहारी) चालेल का? देवाच्या जागी राहणं बरं दिसतं का?

चालेल, आणि मनात किंतु ठेवू नका. फक्त खोली तळमजल्याची मिळत असेल तरच घ्या. मी अशा ठिकाणी दोन रात्री राहिलोय. चर्च ऑफ इंग्लंड ही तिथली धर्मसंस्था आधी ती वास्तू उपासनेसाठी रीतसर बंद करते, वास्तू देवाला अर्पण करताना झालेल्या विधीचे कायदेशीर परिणाम काढून टाकते, मगच तिचा दुसरा वापर होतो. म्हणजे चालत्या देवळात पथारी पसरल्यासारखं ते नाही. आवारात थडगी मात्र बहुधा तशीच असतात. आईंना आधीच सांगून ठेवा, रात्री खिडकीतून एकदम दिसायला नकोत.

खरी अडचण जिना आणि थंडी. उंच छताखाली लाकडी माळा घालून खोल्या काढलेल्या असतात, लिफ्ट सहसा नसते. वास्तू संरक्षित असेल तर रंगीत काचांच्या जुन्या खिडक्या बदलू देत नाहीत. सकाळी रजईवर लाल-निळं ऊन पडतं ते फार सुंदर, पण रात्री त्याच काचांतून निफाडची थंडी आत येते. हीटर रात्रभर चालू असतो का, हे विचाराच.

न्याहारीबद्दल खोलीचं बुकिंग करतानाच कळवा: बेकन, सॉसेज, ब्लॅक पुडिंग (यात डुकराचं रक्त असतं) नको, बीन्स, मशरूम, टोमॅटो, टोस्ट द्या.

जाहिरातीत ‘चॅम्पिंग’ शब्द दिसला तर सोडून द्या. ते चर्चमध्ये कॅम्प कॉटवर झोपणं असतं, बहुतेक ठिकाणी हीटरशिवाय.